अक्का जेवत का नव्हत्या : कोल्हापुरातील एका वृद्धाश्रमातील प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण कोल्हापूर शहरालगतच्या एका धर्मादाय वृद्धाश्रमातील आहे. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि वैद्यकीय बाबी मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत. ज्या निवासी बाईंविषयी हे लेखन आहे त्यांना आश्रमात सगळे अक्का म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे. संस्थेने परिचर्येविषयी सल्ला देण्यासाठी मला बोलावले, तेव्हा अक्कांचे वजन चार महिने सतत घटत होते आणि त्यांना रुग्णालयात हलवावे की नाही यावर चर्चा सुरू झाली होती.

पार्श्वभूमी

अक्कांचे वय 78 वर्षे. पती अकाली गेल्यानंतर त्यांनी जुन्या पेठेत, नदीच्या अंगाला असलेल्या दोन खोल्यांच्या घरात खानावळ सुरू केली आणि ती पस्तीसहून अधिक वर्षे चालवली. तालमीत कुस्ती शिकण्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेली पोरे, महाविद्यालयातले आणि विद्यापीठातले विद्यार्थी, बाजारातले हमाल अशी माणसे त्यांच्याकडे जेवत असत. कुणाचे महिन्याचे पैसे थकले म्हणून त्याचे ताट त्यांनी कधी बंद केले नाही, असे त्यांची लेक सांगते. बुधवारी आणि रविवारी मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा, एरवी ज्वारीची भाकरी, आमटी, झुणका, खर्डा, उडदाचे घुटे आणि थंडीत हुलग्याचे माडगे असा त्यांचा बेत असे. दर उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या निवडून, उन्हात वाळवून, खोबरे, तीळ, धणे, कांदा-लसूण भाजून त्या डंकावर वर्षाची चटणी कुटून आणत, आणि त्या चटणीचे प्रमाण त्यांनी कुणालाही लिहून दिलेले नव्हते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात घरात पंचगंगेचे पाणी शिरले. डागडुजी करून खानावळ पुन्हा उघडते तोच 2020 ची टाळेबंदी आली आणि त्यानंतर ती कायमची बंद झाली. पुढे गुडघेदुखी वाढली, एकटीने राहणे अवघड झाले. मुलगा पुण्यात नोकरीला आणि लेक कोल्हापुरातच, पण मोठ्या एकत्र कुटुंबात दिलेली. वृद्धाश्रमात राहण्याचा निर्णय अक्कांनी स्वतः मान्य केला होता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या घटनाक्रमात महत्त्वाची आहे, कारण त्या कुणावर रुसून किंवा कुणाला धडा शिकवण्यासाठी उपाशी राहत असाव्यात, हा सुरुवातीचा तर्क त्यामुळे टिकत नाही.

आश्रमात 42 निवासी आहेत. मूळ देणगीदारांच्या इच्छेनुसार आवारात मांस, मासे आणि अंडी वर्ज्य आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी ही अट सर्वांना वाचून दाखवली जाते. सेविकांची दिवसपाळी रात्री आठला संपते, त्यामुळे भांडी घासून स्वयंपाकघर बंद करता यावे म्हणून रात्रीचे जेवण साडेसहाला वाढले जाते. स्वयंपाकघरात निवाशांना प्रवेश नाही.

समस्या

प्रवेशाच्या वेळी अक्कांचे वजन 54 किलो होते. चार महिन्यांनी ते 47.5 किलोवर आले. म्हणजे सुमारे 12 टक्के घट. वृद्ध व्यक्तीचे वजन प्रयत्नाविना महिन्याभरात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के कमी झाले, तर ती गंभीर बाब समजून कारण शोधावे, असा सर्वमान्य वैद्यकीय संकेत आहे. इथे तो टप्पा ओलांडला जाईपर्यंत कुणाला जाग आली नाही. सेविकांच्या नोंदवहीत अक्कांविषयी "जेवणाला नावे ठेवतात", "हट्टी आहेत", "निम्मे ताट" असे शेरे होते. त्या दिवसभर पडून राहत, भजनाला येत नसत आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींशीही फारसे बोलत नसत.

पाचव्या महिन्यात एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. रात्रपाळीच्या परिचारिकेने रक्तातील साखर तपासली तेव्हा ती 61 निघाली. साखरपाणी दिल्यावर त्या सावरल्या. मधुमेहासाठी त्यांना मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड सुरू होते; हे दुसरे औषध माणूस जेवो अथवा न जेवो, साखर उतरवतच राहते. भेट देणाऱ्या डॉक्टरांनी ते त्याच दिवशी थांबवले. या प्रकरणातला हा पहिला योग्य निर्णय होता, पण तो घेण्यासाठी साखर उतरण्याची वाट पाहावी लागली.

तीन वह्या

मी सर्वप्रथम कागद पाहिले. महिन्याचे वजन परिचारिकेच्या वहीत होते, रोजचे जेवण सेविकांच्या वहीत आणि औषधे डॉक्टरांच्या फाइलमध्ये. प्रत्येक वही नीट भरलेली होती. कामचुकारपणा कुठेही नव्हता. मात्र तिन्ही वह्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम कुणाचेच नव्हते. वजन उतरत आहे, ताट निम्मे परत जात आहे आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या मात्र पूर्ण मात्रेत चालू आहेत, ही गोष्ट तिन्ही वह्या एकत्र ठेवल्यावरच दिसत होती. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, म्हणजे एचबीए1सी, 6.3 होती. या वयाच्या, गुडघ्यांमुळे चालणे मर्यादित झालेल्या आणि इतर व्याधी असलेल्या व्यक्तीसाठी आठच्या आसपासचे नियंत्रणही पुरेसे मानले जाते, कारण साखर थोडी चढी असण्यापेक्षा ती अचानक उतरण्याचा धोका मोठा असतो. अक्कांसाठी आखलेला बेचव "शुगरचा डाएट" ज्या आकड्यासाठी होता, तो आकडा आधीच गरजेपेक्षा खाली होता.

औषधांच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. पायांची आग आणि झोप यासाठी पूर्वी कधीतरी ॲमिट्रिप्टिलिनची गोळी सुरू झाली होती आणि ती तशीच चालू राहिली होती. या औषधाने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठता होते. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांच्या बीअर्स यादीत त्याचा समावेश आहे. दंतवैद्याला बोलावल्यावर कवळीखाली टाळूवर बुरशीचा पांढरा थर दिसला. वजन उतरल्यावर कवळी सैल झाली होती, ती दुखत होती, आणि रात्री ती काढून ठेवायची असते हे अक्कांना कुणी सांगितले नव्हते. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळू शकते, म्हणून तीही तपासणी केली. पातळी कमी निघाली.

कोरडे आणि दुखरे तोंड, सैल कवळी, साफ न होणारे पोट आणि त्यावर अळणी जेवण. "हट्टी" या शेऱ्याखाली इतके सगळे दडले होते. व्यक्तिकेंद्री परिचर्येविषयी बोलताना आपण माणसाची जीवनकथा, आवडीनिवडी, नाती यांकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. पण तोंड उघडून पाहणे आणि गोळ्यांची यादी तपासणे हेही त्या व्यक्तीचा आदर करणेच आहे, आणि माझ्या मते ते आधी व्हायला हवे.

जेवणाच्या वेळी काय दिसले

वैद्यकीय कारणे हाती आली तरी सगळा उलगडा झाला नव्हता, कारण लेकीने आणलेली आवडीची मऊ खीरसुद्धा अक्का दोन चमच्यांनंतर बाजूला ठेवत. म्हणून संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी कुणालाही न सांगता मी भोजनगृहाच्या कोपऱ्यात बसले.

साडेसहाला सेविकेने अक्कांसमोर ताट ठेवले आणि त्यांना सोपे जावे म्हणून भात-आमटी स्वतःच कालवून दिली. अक्कांनी पदर सावरला, पण ताटाला हात लावला नाही. त्यांची नजर टेबलावरून फिरत होती. समोरच्या आजोबांची आमटी संपली होती. पलीकडच्या बाईंच्या ताटात भाकरी उरली होती, पण भाजी नव्हती. अक्कांनी आपली भाजीची वाटी उचलून त्यांच्याकडे सरकवली. सेविका लगबगीने आली, वाटी परत ठेवली आणि प्रेमानेच म्हणाली, "अक्का, तुमचं तुम्ही जेवा बघू." त्यानंतर अक्कांनी दोन घास घेतले आणि पाणी प्यायल्या. वीस मिनिटांनी ताट उचलले गेले आणि वहीत नोंद झाली: निम्मे ताट.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले. जेवत का नाही, असे विचारण्याऐवजी खानावळीत त्या स्वतः किती वाजता जेवत असत, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची पानं उठल्यावर. साडेनऊ, धा. पोरं जेवायच्या आधी घास घशाखाली उतरायचा न्हाई." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "आयुष्यभर वाढलं मी. आता बसल्या जागी ताट येतंय, त्ये बी कालवून. मीठ न्हाई, तिखट न्हाई. आजारी माणसाचं जेवान हाय ह्ये."

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या परिचर्येचा विचार करताना माणसाच्या मानसिक गरजा मांडल्या. त्यांत दिलासा, जिव्हाळ्याचे बंध, इतरांत सामावले जाणे, हाताला काम आणि स्वतःची ओळख यांचा समावेश आहे. अक्कांना स्मृतिभ्रंश नव्हता, परंतु त्या भोजनगृहात हाताला काम आणि स्वतःची ओळख या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडून एकाच वेळी काढून घेतल्या गेल्या होत्या, आणि तेही मायेने.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली बैठक व्यवस्थापिका, परिचारिका, डॉक्टर, मुलगा आणि लेक यांच्यात झाली. अक्कांना बोलावले नव्हते. मुलाचे म्हणणे होते की आईला रुग्णालयात दाखल करून नाकातून नळी घालावी, कारण "ती अशी डोळ्यांदेखत खंगताना बघवत नाही". लेकीचे म्हणणे होते की आईला मटणाचा रस्सा मिळाला तर ती जेवेल आणि तो आणायची तिला परवानगी द्यावी. व्यवस्थापिकांना नियमाची आणि विश्वस्तांची चिंता होती. नैराश्याची शक्यता धरून मिर्टाझापिन सुरू करावे, त्याने भूकही वाढते, असा पर्याय डॉक्टरांनी मांडला. परिचारिकेने प्रथिनांची पावडर सुचवली.

सगळी माणसे कळकळीने बोलत होती. तरीही ज्यांच्या घशातून घास उतरत नव्हता त्यांचे मत कुणीच मागितले नव्हते, म्हणून त्या बैठकीत कोणताही निर्णय न करता ती दोन दिवसांनी अक्कांसह पुन्हा घ्यावी असा आग्रह मी धरला. मुलाला हा वेळकाढूपणा वाटला आणि त्याचा रागही समजण्यासारखा होता.

दुसऱ्या बैठकीत नळीचा विषय लवकर संपला. अक्कांनी ठाम नकार दिला. त्यांची समज पूर्ण शाबूत होती, आणि सक्षम प्रौढ व्यक्तीला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात स्पष्ट केलेले आहे. शिवाय गिळण्यात कसलाही दोष नसताना नळी घालण्याला वैद्यकीय आधारही नव्हता. पावडर त्यांनी "दुधातनं घेईन, पण जेवणाच्या जागी न्हाई" अशा अटीवर मान्य केली.

नैराश्याच्या औषधाचा निर्णय अधिक अवघड होता. वार्धक्यातील नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 15 प्रश्नांच्या मोजपट्टीवर अक्कांचे गुण 8 आले होते, आणि पाचाच्या वरचे गुण दखल घेण्याजोगे समजले जातात. औषध लगेच सुरू करण्याच्या बाजूने ठोस कारण होते. ते पुढे ढकलण्याच्या बाजूने कारण असे की, तोंड, कवळी, ॲमिट्रिप्टिलिन, ब-12 आणि जेवणाची पद्धत या पाच गोष्टी एकाच वेळी बदलल्या जाणार होत्या आणि त्यांत सहावी मिसळली असती तर कशाने गुण आला हे कळले नसते. डॉक्टर, अक्का आणि लेक यांनी मिळून सहा आठवडे थांबायचे ठरवले; मात्र वजन आणखी एक किलो जरी उतरले किंवा त्यांनी जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवले, तर त्याच दिवशी औषध सुरू करायचे असे लिहून ठेवले. ही अट नसती तर मी थांबण्याच्या बाजूने उभी राहिले नसते.

केलेली कृती

तोंडातील बुरशीवर औषध लावले, कवळी घट्ट बसवून घेतली, ॲमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करत बंद केले, ब-12 ची इंजेक्शने दिली. शुगरचा वेगळा डाएट बंद करून सर्वांचेच जेवण अक्कांना सुरू केले. गोड पदार्थांचे प्रमाण त्यांनी स्वतः सांभाळायचे ठरले. हे सगळे लवकर मार्गी लागले.

खरे काम स्वयंपाकघराच्या दारात होते. अक्कांना आत येऊ द्यायचे का, यावर व्यवस्थापिकांची हरकत रास्त होती: गॅस, उकळती आमटी, ओली फरशी, त्यात अक्कांचे गुडघे. मधला मार्ग असा निघाला की, अक्का चुलीपाशी जाणार नाहीत; वाढपाच्या ओट्याजवळ हाताच्या दांड्या असलेल्या खुर्चीवर बसून भाजी निवडतील, आमटीची चव पाहतील आणि जेवणाच्या वेळी पहिल्या पंगतीला भाकरी-भाजी वाढतील. हात धुणे, नखे, डोक्याला फडके आणि खोकला-ताप असेल त्या दिवशी सुट्टी हे नियम सेविकांना होते तेच त्यांनाही लागू झाले.

या सगळ्यात आम्ही सर्वांनी मिळून एका माणसाचा विचार उशिरा केला, आणि ती म्हणजे स्वयंपाकीण मावशी. चाळीस जणांचा स्वयंपाक दोन हातांनी रेटणाऱ्या बाईच्या शेजारी, उठता-बसता आमटीत काय कमी आहे ते सांगणारी दुसरी बाई आणून बसवल्यावर जे व्हायचे तेच झाले. चौथ्या दिवशी मावशींनी व्यवस्थापिकांना सांगितले की, अक्का तरी आत राहतील किंवा मी तरी. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मीठ कमी घालण्याची सूचना त्यांना डॉक्टरांकडून होती, आणि बोलणी मात्र त्या खात होत्या. व्यवस्थापिकांनी दोघींना समोरासमोर बसवले. त्यातून असे ठरले की, आमटी कमी मिठाचीच होईल, पण ज्यांना पथ्य नाही त्यांच्यासाठी कांदा-लसणाची चटणी ताटात वेगळी वाढली जाईल, आणि चव सांगायची ती वाटीत घेऊन, सर्वांसमोर नव्हे.

त्या चटणीनेच पुढे दोघींचे जमले. एप्रिलमध्ये आश्रमासाठी तयार मसाल्याऐवजी वर्षाची चटणी घरीच करावी असे मावशींनीच सुचवले. मागच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या. भाजताना ठसक्याने सगळे खोकत होते. डंकावरून आलेली पहिली चटणी अक्कांनी तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, वास घेतला आणि म्हणाल्या, "लसूण कमी पडलाय. आन् ब्याडगी जास्त झाली, नुसता रंग आलाय." मावशींनी पुन्हा लसूण सोलायला घेतला. त्या दिवशी कधीही खोलीबाहेर न येणारे आणखी तीन-चार निवासी लसूण सोलायला बसले होते.

जेवणाच्या वेळेचा प्रश्न पाळीत अडकला होता. सेविकांची पाळी तासभर पुढे ढकलली तर शेवटची बस चुकते, हे त्यांचे म्हणणे खरे होते. अखेर दोन पंगती ठरल्या: पहिली साडेसहाला आणि दुसरी, ज्यांना हवी त्यांच्यासाठी, साडेसातला. दुसऱ्या पंगतीची ताटे धुण्यासाठी रात्रपाळीच्या सेविकेला वेगळा भत्ता मंजूर झाला. अक्का पहिल्या पंगतीत वाढत आणि दुसऱ्या पंगतीत जेवत.

एका दुसऱ्या निवासींच्या नातेवाइकांनी तक्रार केली की, पैसे घेऊन म्हाताऱ्या माणसांकडून काम करून घेतले जाते. मी ही तक्रार गंभीर मानते, कारण मनुष्यबळाची चणचण असलेल्या संस्थेत स्वेच्छेचे काम कधी गरजेचे होऊन बसेल हे सांगता येत नाही. म्हणून संस्थेने लेखी ठरवले की, निवाशांचे कोणतेही काम मनुष्यबळाच्या हिशेबात धरले जाणार नाही, आणि "आज नको" म्हणायला कारण द्यावे लागणार नाही.

मटणाचा प्रश्न

अक्कांना मटण हवे होते, आणि ही मागणी क्षुल्लक समजणे मला मान्य नाही. कोल्हापुरात जन्म घालवलेल्या माणसाला बुधवार-रविवारचा रस्सा म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्नाचा समावेश आहे, आणि मुलांची जबाबदारी सांगताना ज्येष्ठांना सामान्य जीवन जगता यावे असा हेतू आहे. दुसऱ्या बाजूला, शाकाहारी आश्रम आहे म्हणूनच इथे आलेले निवासीही होते, आणि त्यांच्या पंगतीत वेगळा वास येऊ नये हा त्यांचाही हक्क होता. शिवाय ही अट अक्कांनी प्रवेशाच्या वेळी मान्य केली होती.

आवाराबाहेरच्या शेडमध्ये डबा खाण्याची परवानगी द्यावी, असा पर्याय एका विश्वस्तांनी सुचवला. तो अक्कांनीच नाकारला: "भाईर बसून खायाला मी काय चोरी केली?" अखेर लेकीने दर पंधरवड्याच्या रविवारी त्यांना आपल्या घरी नेण्याचे ठरले. घरच्यांची अडचण होईल असे तिला वाटत होते. प्रत्यक्षात सासूबाईंनीच अक्कांकडून पांढऱ्या रश्श्याचे प्रमाण विचारून घेतले.

परिणाम

सहा आठवड्यांत वजन 48.6 किलो झाले आणि नैराश्याचे औषध सुरू करावे लागले नाही. सहा महिन्यांनी वजन 50.4 किलो होते, मोजपट्टीवरील गुण 8 वरून 4 वर आले, आणि ग्लिमेपिराइड बंद होऊनही एचबीए1सी 7.3 राहिली. पोटाची तक्रार कमी झाली, पायांची आग थोडीफार उरली. झोप मात्र सुधारली नाही. त्या अजूनही पहाटे तीनला जाग्या होतात आणि त्यावर समाधानकारक उपाय सापडलेला नाही. वाढताना बराच वेळ उभे राहिल्याने एकदा गुडघा सुजला, तेव्हापासून त्या बसूनच वाढतात.

जुलैच्या पावसात त्यांना न्यूमोनिया झाला आणि जवळजवळ तीन आठवडे वाढप बंद राहिले. त्या काळात वजन पुन्हा दीड किलोने उतरले. आजारपणात वजन घटतेच, परंतु ताप उतरल्यावरही त्यांचे जेवण पूर्ववत झाले नाही, यावरून संपूर्ण योजना एकाच कामाच्या आधारावर उभी आहे हे लक्षात आले. त्यावर उपाय कुणा तज्ज्ञाने सुचवला नाही. स्वयंपाकीण मावशी रोज दुपारी आमटीची वाटी घेऊन खाटेपाशी येऊ लागल्या आणि "बघा बरं, मीठ बरोबर हाय का" असे विचारू लागल्या. जाताना उद्या काय करायचे तेही विचारून जात. तिसऱ्या दिवशी अक्कांनी त्या वाटीबरोबर भाकरी मागितली.

दुसऱ्या पंगतीचा फायदा इतरांनाही झाला. आता तेथे चौदा जण जेवतात. त्यांपैकी कुणाच्या वजनावर काय परिणाम झाला, हे सांगण्याइतक्या नोंदी अजून जमलेल्या नाहीत.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी प्रवेशाच्या दिवशीच होती. प्रवेश अर्जात आजार, औषधे, नातेवाइकांचे फोन क्रमांक आणि अंत्यविधीबाबतची इच्छा यांच्यासाठी रकाने होते. माणूस काय खातो, किती वाजता, कुणाबरोबर, आणि घरात स्वयंपाक कोण करत असे यांसाठी एकही नव्हता. ज्या बाईने निम्मे आयुष्य खानावळ चालवली, तिच्या व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" लिहिले गेले होते. आता अर्जाला एक पान जोडले आहे आणि ते भरण्यासाठी निवाशांशी निवांत बोलावे, नातेवाइकांकडून उरकून घेऊ नये, अशी सूचना आहे. गर्दीच्या दिवशी ही सूचना पाळली जात नाही, हेही मी पाहिले आहे.

दुसरी संधी दुसऱ्या महिन्यात होती, जेव्हा वजन तीन किलोंनी उतरल्याची नोंद झाली. 5 टक्के घट दिसताच तिन्ही वह्या डॉक्टरांसमोर एकत्र ठेवायच्या, तोंड तपासायचे आणि साखरेची औषधे पुन्हा पाहायची, हा नियम तेव्हा असता तर ती पहाट टळली असती. हा नियम आता आहे, आणि त्याची जबाबदारी नावानिशी दिवसपाळीच्या परिचारिकेवर आहे. प्रवेशाच्या वेळी चालू औषधांची यादी आहे तशी उतरवून घेण्याऐवजी प्रत्येक गोळी कशासाठी आणि कधीपासून हे विचारले गेले असते, तर ॲमिट्रिप्टिलिनही तेव्हाच लक्षात आले असते.

तिसरी बाब स्वयंपाकीण मावशींची. निवाशांच्या सोयीसाठी केलेला प्रत्येक बदल कुणा ना कुणा कर्मचाऱ्याच्या दिवसात जागा मागतो. अक्कांची खुर्ची ओट्यापाशी ठेवण्यापूर्वी त्यांच्याशी बोलणे झाले असते, तर पहिल्या आठवड्यातली कटुता आली नसती. मावशी समंजस होत्या म्हणून निभावले. दुसऱ्या ठिकाणी एवढ्यावरून चांगली स्वयंपाकीण सोडून गेली असती.

मटणाबाबत मात्र काय वेगळे करता आले असते याचे उत्तर माझ्याकडे नाही. अक्कांना लेक आहे, म्हणून त्यांचा मार्ग निघाला. आश्रमात असे किमान पाच-सहा निवासी आहेत ज्यांना रविवारी न्यायला कुणी नाही, आणि त्यांतल्या दोघींनी व्यवस्थापिकांना सरळ विचारले की, आमचे काय. सध्या अक्कांची लेक अधूनमधून त्या दोघींनाही सोबत घेऊन जाते. परंतु जबाबदारीचे पत्र, वाहन, वाटेत कुणाला काही झाले तर काय, हे सगळे एका कुटुंबाच्या भलेपणावर सोडणे योग्य नाही. महिन्यातून एकदा इच्छुकांना शहरातल्या एखाद्या खानावळीत नेण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. शाकाहाराच्या अटीवर दिलेल्या देणगीतून हा खर्च करता येणार नाही असे काही विश्वस्तांचे मत आहे, तर खर्च निवाशांच्या स्वतःच्या खात्यातून झाला तर हरकत नसावी असे इतरांचे. ज्यांच्या खात्यात काहीच नाही अशांचे काय, यावर चर्चा पुढच्या बैठकीवर गेली आहे, आणि या वेळी बैठकीला त्या दोघींना बोलावण्याचे ठरले आहे.